वरून दुसरं पान

शेठसर बाजारात आले की टोमॅटोवाली आधीच हसायला लागायची. ते ढिगातला एक टोमॅटो उचलायचे, अंगठ्यानं दाबायचे, नाकाशी न्यायचे आणि मग भर बाजारात मला विचारायचे, "बाईसाहेब, हा पिकला का?"

"न्हाई सर. हिरवा आहे."

"बिलकुल हिरवा?"

"बिलकुल."

मग तो टोमॅटो जागेवर ठेवत ते टोमॅटोवालीकडे तक्रार केल्यासारखं बघायचे आणि म्हणायचे, "वास तर पिकल्याचा येऊन राह्यला." ती पदर तोंडाला लावून हसायची आणि स्वतःच चांगले निवडून त्यांच्या पिशवीत टाकायची. सगळ्या बाजारात तिनं फसवलं नाही असं हे एकच गिऱ्हाईक असावं. फसवण्यात मजाच नव्हती, इतकं ते सोपं होतं.

शेठसरांना तांबडा आणि हिरवा यांतला फरक कळत नसे. जन्मापासूनच. ही गोष्ट त्यांनी कधी लपवली नाही. दरवर्षी पहिल्या तासाला वर्गात गेल्या गेल्या ते सांगून टाकायचे, "मला तांबडं-हिरवं येगळं दिसत न्हाई. बाकी सगळं दिसतं. मागच्या बाकावर कोण झोपलं तेही दिसतं." आणि मग खडू उचलून शिकवायला लागायचे. विषय भौतिकशास्त्र. त्यातही त्यांचा आवडता धडा प्रकाशाचा. लोलकातून ऊन पाडून भिंतीवर सात रंगांचा पट्टा उमटवायचे आणि वर्गाला विचारायचे, "आता मला सांगा, तिथं काय दिसून राह्यलं?" मुलं सांगायची आणि ते डोळे मिटून ऐकायचे. ज्या गोष्टीतली निम्मी मजा आपल्याला कधी मिळाली नाही, ती गोष्ट माणूस इतक्या गोडीनं कशी शिकवतो, हे कोडं मला तेव्हाही सुटलं नव्हतं.

मी भोकरदन तालुक्यातल्या हसनाबादची. शेतकऱ्याच्या घरातली. मराठीची अधिव्याख्याता म्हणून जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, गोदाकाठच्या एका तालुक्याच्या गावी त्या कॉलेजात लागले तेव्हा स्टाफरूममध्ये बायका दोनच. एक मी आणि एक गृहविज्ञानाच्या मॅडम. पुरुषमंडळी आमच्याशी बोलताना छताकडे तरी बघायची नाहीतर पंख्याकडे. सरळ तोंडाकडे बघून बोलणारे शेठसर एकटेच. पहिल्याच दिवशी त्यांनी मला विचारलं, "बाईसाहेब, तुमच्या मराठीत रंगाचे शब्द किती?" मी आठवून आठवून सांगत गेले. मोरपंखी, अबोली, आमसुली, राखाडी, डाळिंबी, शेवाळी. ते ऐकत राहिले आणि म्हणाले, "एवढे सगळे कोणाला लागतात?"

त्यांचं घराणं मारवाडी. पणजोबा कधीतरी राजस्थानातून उंटावर की बैलगाडीवर आले आणि जालन्यात कापडाचं दुकान टाकून बसले. शेठसर घरातले धाकटे. मॅट्रिक झाल्यावर वडिलांनी त्यांना गादीवर बसवलं. पुढची गोष्ट ते स्वतःच रंगवून सांगायचे. परतूरकडची मंडळी लग्नाचा बस्ता काढायला आली होती. नवरीसाठी हिरवा शालू ठरला. बांधून द्यायचं काम धाकट्याकडे. त्यानं मोठ्या प्रेमानं तांबडा बांधून दिला. गठ्ठा सुटला तो थेट लग्नाच्या आदल्या दिवशी, हळदीच्या वेळी. मंडळी जीप करून परत आली. वडिलांनी हात जोडून शालू बदलून दिला. बदललेला शालू बांधून द्यायला पुन्हा हेच. तोही तांबडाच निघाला.

"पिताजी काही बोलले न्हाई," शेठसर सांगायचे. "फक्त माझ्याकडं बघितलं अन् म्हणले, बेटा, तू शीक. जितकं शिकता येईल तितकं शीक. कुठंतरी लांब शीक."

अशा रीतीनं भौतिकशास्त्राला एक प्राध्यापक मिळाला आणि जालन्याच्या त्या दुकानाची अब्रू वाचली. शेठ असून सर झाले म्हणून शेठसर. मूळ नाव विद्यापीठाच्या कागदावर होतं. गावात कोणाला विचारलं असतं तर सांगता आलं नसतं.

कपडे कायम पांढरे. पांढरा शर्ट, पांढरी पँट, पांढरा रुमाल. स्कूटरसुद्धा पांढरी. जुळवायची भानगडच नको. भाभी, म्हणजे त्यांची बायको, फार शांत बाई. सर रोज सकाळी विचारायचे, "आज कोणती साडी?" आणि भाभी अंगावर तांबडी असली तरी "हिरवी" म्हणून सांगायच्या, कारण हिरवी म्हटलं की सर खूष व्हायचे. मी एकदा म्हटलं, "भाभी, खोटं सांगता?" तर म्हणाल्या, "त्यांना हिरवा आवडतो. अन् मला तांबडा. दोघांचंही काम होतं."

त्यांचं एक वाक्य होतं. कोणी काहीही सांगितलं की म्हणायचे, "बराबर आहे. पण का बराबर आहे?" या वाक्यानं आमचे प्राचार्य एकदा पार घायकुतीला आले. झालं असं की हजेरीपटावर सही करताना शेठसरांनी टेबलावरचं हाताला येईल ते पेन उचललं आणि हिरव्या शाईनं सही ठोकली. हिरवी शाई आमच्याकडे फक्त प्राचार्यांची. शिपायानं हजेरीपट दाखवला. प्राचार्यांनी बोलावून घेतलं.

"सर, हिरवी शाई फक्त मी वापरतो."

"बराबर आहे," शेठसर म्हणाले. "पण का बराबर आहे?"

प्राचार्यांनी तोंड उघडलं आणि तसंच ठेवलं. नियम कुठला, कोणी केला, हे त्यांनाही माहीत नव्हतं. पुढचे काही दिवस ते येणाऱ्या जाणाऱ्या प्रत्येक अधिकाऱ्याला गाठून हिरव्या शाईबद्दल विचारत होते. शेवटी कंटाळून त्यांनी टेबलावरचं हिरवं पेन कपाटात कुलूप लावून ठेवलं. मग स्वतःला सही करायची वेळ आली की किल्ली सापडायची नाही.

कॉलेजला पंचवीस वर्षं झाली तो काळ नव्वदच्या आसपासचा. फाटकातून आत आल्यावर समोर काहीतरी भव्य पाहिजे असं संस्थेच्या अध्यक्षांच्या मनात आलं. भव्य म्हणजे त्यांच्या वडिलांचा पुतळा. संस्थेत दुसरा गट होता. त्या गटाच्या मते जागा खरी देणारे त्यांचे आजोबा, म्हणून पुतळा त्यांचा. बैठकांवर बैठका झाल्या. चहा पिऊन पिऊन शिपाई थकला. अखेर असं ठरलं की पुतळा कोणाचाच नको. माणसासारखं न दिसणारं काहीतरी करावं.

औरंगाबादहून एक तरुण शिल्पकार आणला. त्यानं जालन्याच्या एका पोलादाच्या कारखान्यातून लोखंडी पत्रे मिळवले. कारखानदार आमच्याच कॉलेजचा जुना विद्यार्थी होता. फाटकासमोर वेल्डिंगच्या ठिणग्या उडायला लागल्या आणि हळूहळू एक उंच खांब आणि त्याला गोल गोल वळत वर चढणारी लोखंडाची सात अवाढव्य पानं उभी राहिली. पहिल्या मजल्याच्या गॅलरीतून बघितलं तरी वरचं पान मान वर करूनच बघावं लागायचं. घनसावंगीच्या जीपवाल्यांनी त्याचं नाव झाडू ठेवलं. आमचा शिपाई म्हणाला, ज्वारीचं ताट आहे, गारपीट झालेलं. अर्थशास्त्राच्या सरांना त्यात मशाल दिसली. गृहविज्ञानाच्या मॅडम म्हणाल्या, कुणाचंही काहीही असो, धुळीनं माखणार आहे.

पानं उभी झाली आणि शिल्पकाराला बडोद्याला नोकरी लागली. तो जाताना एवढंच सांगून गेला की सात पानांना सात रंग द्या.

खरी गंमत तिथून सुरू झाली. रंग म्हटल्यावर गावातल्या सगळ्यांना आपापला रंग आठवला. ते दिवसच तसे होते. कुठल्या चौकात कुठल्या रंगाचा झेंडा लागला, त्याच्या शेजारी दुसरा किती उंच लागला, यावर गावाची झोप अवलंबून असायची. संस्थेच्या बैठकीत रंगाचा विषय निघाला आणि सगळे एकमेकांकडे बघायला लागले. कोणीही माणूस नेमला तरी दुसरा म्हणणार, हा अमक्यांचा. तेव्हा अध्यक्षांनी, जे माणूस ओळखण्यात पक्के होते, टेबलावर बोट आपटत सांगितलं, "शेठसरांना द्या. त्यांना रंगच दिसत न्हाई, तर पक्षपात करतील कसा?"

यावर कोणाचंच काही चालेना. माझ्या माहितीत रंगांधळेपण ही पात्रता धरून झालेली ती एकमेव नेमणूक. त्यांच्या हाताखाली समितीत मी आणि गृहविज्ञानाच्या मॅडम.

दुसऱ्या दिवसापासून शेठसरांच्या घरी शिष्टमंडळं यायला लागली. पहिलं आलं ते गजूचं. गजू म्हणजे त्यांचाच जुना विद्यार्थी, आता चौकातल्या तरुण मंडळाचा पुढारी. गळ्यात भगवं उपरणं. मी समितीवर म्हणून तिथं बसलेली होते.

"सर, भगवा जास्तीचा द्या," गजू म्हणाला. "दोन पानं तरी. तुम्हाला काय फरक पडतो?"

"मला न्हाई पडत," शेठसर म्हणाले. "तुम्हाला पडतो. म्हणून तर अवघड आहे. चहा घे."

दुपारी दुसऱ्या गल्लीतली बुजुर्ग मंडळी आली. बोलणं अदबीचं. त्यांचं म्हणणं, हिरवा तर झाडापानांचाच रंग, पानं आहेत तर हिरवीच शोभतील. शेठसरांनी त्यांनाही चहा दिला. संध्याकाळी निळ्याच्या बाजूनं बोलायला एक माजी विद्यार्थी आला, तेव्हा शेठसर खूष झाले, कारण हा रंग त्यांना दिसत होता. "तुझं म्हणणं मला समजतं," ते त्याला म्हणाले, "पण माझं समजणं इथं चालत न्हाई."

चहापत्ती संपली तेव्हा शेठसरांनी निकाल दिला. ते म्हणाले, "मी काही ठरवणार न्हाई. तानापिहिनिपाजा."

शाळेत प्रत्येकानं पाठ केलेला तो शब्द. तांबडा, नारिंगी, पिवळा, हिरवा, निळा, पारवा, जांभळा. वरून खाली या क्रमानं, प्रत्येकाला एकच पान, पानं सगळी सारख्या मापाची. "हा क्रम उन्हाचा आहे," ते म्हणाले. "कोणाला तक्रार असंल तर वर करा." आणि बोट आकाशाकडे.

तक्रारी तरीही आल्या. नारिंगी म्हणू नका, भगवा म्हणा. ते म्हणाले, म्हणा. तांबडा सगळ्यांच्या वर का, तो कोणाचा? अर्थशास्त्राचे सर डाव्या विचाराचे होते, ते या तक्रारीच्या वेळी वर्तमानपत्राआड हसत होते. सगळ्यात अवघड प्रश्न टाकला तो गृहविज्ञानाच्या मॅडमनी. "सर, यात गुलाबी कुठंय?"

"मॅडम, सप्तरंगात गुलाबी येत न्हाई."

"मंग तो येतो कुठून?"

शेठसरांनी ग्रंथालयातून दोन जाड पुस्तकं काढली. बरेच दिवस ते जेवताना, स्कूटर चालवताना गुलाबीचाच विचार करून राह्यले होते. पुढे त्यांनी मॅडमना फळ्यावर आकृती काढून तासभर समजावलं. मॅडम शेवटी म्हणाल्या, "म्हणजे न्हाईच ना द्यायचा?"

रंग द्यायचं काम गफूर पेंटरकडे गेलं. तालुक्यातल्या निम्म्या दुकानांच्या पाट्या आणि सगळ्या मंदिरांच्या कमानी यांच्या हातच्या. उंचावर चढायला न भिणारा माणूस. उद्घाटनाला पडदा सारायचा म्हणून बांबूच्या पहाडाभोवती, म्हणजे परांचीभोवती, मांडवाचं जाड कापड गुंडाळलेलं होतं आणि गफूरभाई आत राहून एकेक पान रंगवत खाली वर करत. नारिंगीचा डबा जालन्याहून यायला उशीर झाला. बाकीची सहा पानं झाली, डबा आला तो उद्घाटनाच्या आदल्या दिवशी, दिवस मावळल्यावर. वीज गेलेली. गफूरभाईंनी तशातच वर चढून वरून दुसरं पान पुरं केलं, खाली उतरले आणि डोकं धुवायला घरी गेले.

कार्यक्रमाला सगळं गाव लोटलं. अध्यक्ष आणि पाहुणे फेटे बांधून मंचावर. बायकांच्या बाजूला पुढच्या रांगेत भाभी. गजूचं मंडळ एका कडेला, दुसऱ्या गल्लीतले लोक दुसऱ्या कडेला, मध्ये पोलिसांची एक जीप. पाहुण्यांनी दोरी ओढली. कापड सळसळत खाली आलं.

शेठसरांनी जोरात टाळ्या वाजवल्या.

टाळ्या त्यांच्या एकट्याच्याच होत्या. बाकी सगळं मैदान नुसतं वर बघत होतं. सरांच्या लक्षात आलं तेव्हा ते माझ्याकडे वाकून हळूच म्हणाले, "काय झालं, बाईसाहेब?"

"सर, दोन हिरवे झालेत. नारिंगी न्हाईच."

"कोणतं पान?"

"वरून दुसरं."

ते वर बघत राहिले. त्यांच्या दृष्टीनं तिथं काहीच चुकलं नव्हतं. नवाकोरा रंग उन्हात चमकत होता. खालून मात्र आवाज वाढायला लागला. कोणीतरी मुद्दाम मोठ्यानं वाचलं, "ताहिपिहिनिपाजा." हसू आलं नाही कोणाला. मग कडेनं आवाज आला, "पेंटर कोण होता?" आणि लगेच दुसरा, "कोण होता म्हणजे? गफूर होता." पुढचं कोणी बोललं नाही, पण काय बोलायचं राहिलं होतं ते सगळ्यांना कळलं. गफूरभाई पाण्याच्या टाकीशी उभे होते. त्यांच्या हातातला ग्लास तसाच राहिला. पोलिसांची जीप दोन फूट पुढे सरकली. दुसऱ्या कडेची माणसंही उठून उभी राहिली.

शेठसर खुर्चीतून उठले. त्यांना उठायला वेळ लागे. गेली काही वर्षं गुडघे इतके धरले होते की वरच्या मजल्यावरचे तास प्राचार्यांनी खाली आणून दिले होते. मंचाच्या दोन पायऱ्या त्यांनी शिपायाचा खांदा धरून चढल्या आणि माईक हातात घेतला.

"बसा सगळे," ते वर्गात म्हणायचे त्याच आवाजात म्हणाले. "वरून दुसरं पान मी रंगवलं. पेंटर घरी गेल्ते. मला वाटलं, एक पान आपल्याही हातचं असावं. डब्बा चुकला."

आम्ही स्टाफची माणसं एका रांगेत बसलेलो. प्राचार्यांनी माझ्याकडे बघितलं, मी मॅडमकडे, मॅडमनी अर्थशास्त्राच्या सरांकडे. दोन पायऱ्यांना ज्याला खांदा लागतो तो माणूस बांबूच्या पहाडावर चढला, हे आमच्यापैकी एकालाही खरं वाटणं शक्य नव्हतं. नुकताच ज्याचा खांदा धरला होता तो शिपाईही तिथंच उभा होता. कोणी अवाक्षर काढलं नाही.

"सर, तुम्ही?" गजूनं विचारलं.

"मी."

गजूच्या तोंडावर शंका होती. तेवढ्यात अध्यक्ष पुढे झाले. त्यांना काय सुचलं, की खरंच बघायचं होतं, कोण जाणे. त्यांनी आपल्या डोक्याकडे बोट केलं. "सर, माझ्या डोक्यावर काय आहे?"

शेठसरांनी नीट निरखून बघितलं. "हिरवा फेटा."

फेटा भगवा होता. आधी पाहुणे हसले, मग पोलीस हसले, मग सगळं मैदान हसलं. गजूनं गळ्यातलं उपरणं काढून वर धरलं. "सर, हे?"

"हे पण हिरवंच."

"अन् हे?" दुसऱ्या कडेनं कोणीतरी हिरवा रुमाल हलवला.

"भगवा. बिलकुल भगवा."

आता लोकांना चेव आला. ज्याच्याकडे जे होतं ते वर यायला लागलं. पिशव्या, पदर, लेझीमच्या फिती, एका म्हाताऱ्यानं तर पागोटंच काढून धरलं. शेठसर माईक धरून उभे, प्रत्येकाकडे वळून तितक्याच गंभीरपणे उत्तर देत होते. तांबडं दाखवलं की हिरवं, हिरवं दाखवलं की तांबडं. दोन्ही कडेचे लोक आता एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून हसत होते. गजू हसता हसता खालीच बसला. "दुरुस्त करून घ्या, सर," तो डोळे पुसत म्हणाला. "उद्याच्या उद्या," शेठसर म्हणाले, आणि माईक ठेवून खाली उतरले.

पन्नाशीतला, इतका शिकलेला, इतक्या पिढ्या शिकवलेला माणूस भर गावासमोर स्वतःचं हसं करून घेत होता. मलाही हसू येत होतं आणि ते थांबवता येत नव्हतं. नजर भाभींकडे गेली. त्या हसत नव्हत्या. मांडीवरच्या पदराला चुण्या पाडत बसल्या होत्या.

नाश्त्याच्या वेळी मी त्यांच्याजवळ गेले. म्हटलं, "सरांनी वेळ निभावून नेली."

"एक तरी बरोबर सांगितलं का?" भाभींनी विचारलं.

"न्हाई. सगळे चुकले."

"तेच तर," भाभी म्हणाल्या. "घरी अंदाजानं सांगतात तेव्हा निम्मे तरी जमतात. काळसर, उजळ, असं बघून. आज सगळेच्या सगळे चुकले. एवढं चुकायला किती ध्यान द्यावं लागलं असंल."

दुसऱ्या दिवशी गफूरभाईंनी दिवसा उजेडी, लोकांच्या देखत, दुसरं पान नारिंगी केलं. उतरल्यावर ते शेठसरांसमोर येऊन उभे राहिले. त्यांनी काही तयारी करून आणलेली असावी, पण ती जमेना. "सर, अंधार पडल्ता," एवढंच म्हणाले. "डब्बा गलत खुलला."

"बराबर आहे," शेठसर म्हणाले. पुढचा अर्धा भाग या वेळी त्यांनी विचारला नाही. "पाट्या रंगवताना उजेडात रंगवा," म्हणाले, आणि शिपायाला दोन चहा सांगितले.

गर्दी पांगली तेव्हा मी त्यांच्या शेजारी बाकावर बसले. मला राहवलं नाही. मी म्हटलं, "सर, तुम्ही खोटं बोलता हे मला माहीत नव्हतं."

"खोटं कुठं बोललो?" ते खरोखरच दुखावल्यासारखे म्हणाले. "मी चढलो असतो तर हेच झालं असतं. गुडघे आडवे आले, एवढंच."

बसथांब्याकडे जाणारी माणसं थांबून वर बघत होती, एकमेकांना दुसरं पान बोटानं दाखवत होती. ऊन कलत होतं. शेठसरांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला आणि मान मागे टाकून ती सातही पानं खालून वर, मग वरून खाली बघितली.

"झालं का आता दुरुस्त?" त्यांनी विचारलं.

"झालं, सर. छान दिसतंय."

"चांगलं झालं," ते म्हणाले. "मला तर कालचंही आवडल्तं."